गल्ली काँक्रीट करण्यापूर्वी जलवाहिनी कशी बदलावी: नगरपंचायत आणि नगरपरिषदांसाठी कामाचा क्रम

नवा काँक्रीट रस्ता वर्षभरात फोडला जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. रस्त्याचा निधी आधी येतो, पाण्याचा नंतर. रस्ता राज्याच्या नगरोत्थान योजनेतून किंवा विशेष रस्ता अनुदानातून होतो, जलवाहिनी केंद्राच्या अमृत २.० योजनेतून. दोन लेखाशीर्षं, दोन निविदा, दोन ठेकेदार. त्यात मार्चअखेर निधी खर्ची टाकायची घाई. मग जुनी लाइन तशीच पोटात ठेवून वर काँक्रीट ओतलं जातं.

पुढचा क्रम साधारण ६ मीटर रुंद, ३०० मीटर लांब आणि दुतर्फा ६० घरं असलेली गल्ली डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. तुमची गल्ली लहान-मोठी असेल तर आकडे बदला, क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: दोन्ही कामं एका नकाशावर आणा

निविदा वेगवेगळ्या असल्या तरी नकाशा एकच हवा. पाणीपुरवठा आणि बांधकाम या दोन्ही विभागांच्या कनिष्ठ अभियंत्यांनी एकाच कागदावर गल्ली काढायची. त्यावर जुनी जलवाहिनी, गटार, महावितरणच्या केबल, टेलिफोन-फायबर, विजेचे खांब आणि पुढे होणारी भुयारी गटार एवढं सगळं दाखवायचं.

त्याच कागदावर रस्त्याची अंतिम पातळी ठरवा. हे सहसा राहून जातं आणि त्याचा फटका घरांना बसतो. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर चढवला की दर वेळी रस्ता १५–२० सेंमी वर येतो. दोन-तीन थरांनंतर उंबरे रस्त्याखाली जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी ओटीवर येतं. रस्त्याची कड सर्वात खालच्या उंबऱ्यापेक्षा निदान वीतभर खाली राहील अशी पातळी धरा. तेवढं उकरणं अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून घाला. ते न घातल्यास ठेकेदार उकरणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नसेल.

पंतप्रधान आवास योजनेतलं घरकुल या गल्लीत बांधायला घेतलं असेल तर त्याच्या जोत्याची उंचीही या पातळीवरूनच द्या, आजच्या खड्डेमय रस्त्यावरून नाही.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा. काँक्रीट मेच्या मध्यापर्यंत संपायला हवं. त्याआधी भराव बसायला वेळ, त्याआधी नळजोडण्या, त्याआधी चाचणी. ३०० मीटरच्या गल्लीत खोदाईपासून जोडण्या पूर्ण होईपर्यंत महिनाभर धरा. म्हणजे खोदाई नोव्हेंबर ते जानेवारीत सुरू झाली पाहिजे. मार्चमध्ये चर खणायला घेतला तर कुठली तरी चाचणी वगळली जाणारच, आणि वगळली जाते ती दाबाची.

> सावध: रस्त्याच्या कार्यादेशात एक अट लिहून घ्या: पाणीपुरवठा विभागाचं «लाइन तपासून पूर्ण» असं लेखी पत्र मिळाल्याशिवाय काँक्रीट सुरू करायचं नाही. तोंडी सूचना मार्चमध्ये टिकत नाही.

## टप्पा २: चाचणी खड्डे घ्या

जुना नकाशा असला तरी त्यावर विसंबू नका. जुनी लाइन नेमकी कुठे, किती खोल आणि कशाची आहे हे बहुतेक गावांत फक्त वॉलमनला (पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला) माहीत असतं. त्याला सोबत घ्या. दर ३०–४० मीटरवर आणि प्रत्येक चौकात हातानं एक खड्डा घ्या, जेसीबीनं नाही.

प्रत्येक खड्ड्याजवळ पाच गोष्टी लिहा: जुन्या पाइपचा प्रकार, व्यास, खोली, भिंतीपासूनचं अंतर आणि माती कशी आहे. काळी माती लागली तर भरावासाठी मुरूम बाहेरून आणावा लागेल. कातळ लागला तर ब्रेकरचा दर लागेल. या दोन बाबी अंदाजपत्रकात नसल्या की काम अर्ध्यावर थांबतं.

जुनी लाइन ॲस्बेस्टॉस सिमेंटची निघाली तर ती उकरून काढू नका. ग्राइंडरनं तर मुळीच कापू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. अशी लाइन पाण्यापासून तोडून जागेवरच सोडायची.

## टप्पा ३: व्यास आणि दाब ताडून पाहा

शेवटच्या घराला पाणी पोचत नाही म्हणून लाइन बदलायची आणि पुन्हा तेवढ्याच व्यासाची टाकायची, असं होता कामा नये. वितरणाच्या मुख्य लाइनला १०० मिमी हा किमान व्यास धरा. एचडीपीईचा (काळ्या प्लास्टिक पाइपचा) आकार बाहेरचा व्यास सांगतो, डीआयचा (डक्टाइल आयर्न या ओतीव लोखंडी पाइपचा) आतला. ११० मिमी एचडीपीई, दाबवर्ग ६ (म्हणजे ६ किलो दाब सोसणारा), आतून जेमतेम १०० मिमी भरतो. ९० मिमीचा पाइप «जवळपास तेवढाच» म्हणून घेतला तर आतला व्यास ८२–८३ मिमीवर येतो.

दाबाचा हिशेब सोपा आहे. १० मीटर पाण्याची उंची म्हणजे १ किलो प्रति चौरस सेंमी. दुमजली घरांच्या गल्लीत शेवटच्या नळाशी १२ मीटरच्या आसपास दाब उरायला हवा, फक्त बैठी घरं असतील तर ७ मीटर. आज तिथे किती दाब आहे हे पाणी सुटलेलं असताना मोजा. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी एकदा आणि बंद होण्याआधी दहा मिनिटं एकदा. गल्लीच्या तोंडाशीही दोन्ही वेळा दाब कमी असेल तर दोष फक्त गल्लीच्या लाइनमध्ये नाही, जलकुंभापासून येणाऱ्या मुख्य लाइनमध्येही आहे. तो काढल्याशिवाय गल्लीत पैसे घालून उपयोग नाही.

## टप्पा ४: घरनिहाय यादी

यादी मालमत्ता कराच्या रजिस्टरवरून सुरू करा, पाणीपट्टीच्या नाही. पाणीपट्टीच्या रजिस्टरात फक्त अधिकृत जोडण्या असतात. दारोदार फिरून प्रत्येक मिळकतीसमोर लिहा: जोडणी आहे की नाही, अधिकृत की अनधिकृत, अर्ध्या इंची की पाऊण इंची, नळ घराच्या कोणत्या बाजूला येतो, गटारातून जातो का.

मोकळे भूखंड आणि बांधकाम चालू असलेली घरकुलं यादीत हवीतच. त्यांच्यासाठीही रस्त्याखालून आताच नळी टाकून टोक बंद करून ठेवायचं. अनधिकृत जोडणीवाल्यांना याच वेळी अर्ज भरायला लावून नियमित करा. त्यांना वगळलं तर काँक्रीट झाल्यावर पहिला छिन्नीचा घाव तेच घालतील.

> तपासा: यादीतल्या मिळकती आणि प्रत्यक्ष दारं यांची संख्या जुळते का? एका मिळकत क्रमांकात तीन भावांची तीन दारं असतील तर तीन नळ्या मोजा.

## टप्पा ५: पाइप ताब्यात घेताना

एचडीपीई पाइपवर आयएस ४९८४, व्यास, दाबवर्ग, बॅच क्रमांक आणि आयएसआय चिन्ह छापलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या काळ्या पाइपवर निळ्या रेघा असतात. डीआय पाइपसाठी आयएस ८३२९. चलनावरचा बॅच क्रमांक आणि पाइपवरचा क्रमांक ताडून पाहा. भिंतीची जाडी व्हर्नियर कॅलिपरनं चार ठिकाणी मोजा. ओरखडा जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल असेल तर तेवढा तुकडा कापून बाजूला काढा.

टोकाच्या टोप्या लाइन जोडेपर्यंत काढायच्या नाहीत. उघड्या पाइपात उंदीर, बेडूक आणि पोरांनी टाकलेले दगड जातात. नंतर तेच व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

## टप्पा ६: चर आणि गादी

पाइपच्या माथ्यावर किमान ९० सेंमी, शक्यतो १ मीटर भराव राहील इतका खोल चर हवा. ही खोली अंतिम रस्त्याच्या पातळीपासून मोजायची. जुना रस्ता ३० सेंमी उकरणार असाल आणि खोली आजच्या पृष्ठभागापासून मोजली तर पाइपवर ६० सेंमीच भराव उरतो. पुढे काँक्रीटसाठी उकरणारा जेसीबी त्याला दात लावतो. रुंदी पाइपच्या व्यासापेक्षा ३० सेंमी जास्त पुरते.

जलवाहिनी आणि सांडपाण्याच्या लाइनमध्ये आडवं ३ मीटर अंतर ठेवायचं असतं. ६ मीटरच्या गल्लीत ते नेहमी मिळत नाही. मग दोन्ही लाइन विरुद्ध कडांना घ्या आणि जलवाहिनीचा तळ सांडपाण्याच्या पाइपच्या माथ्यापेक्षा निदान ५० सेंमी वर ठेवा. भुयारी गटार याच वर्षी होणार असेल तर ती आधी टाका, कारण ती खोल असते. पाण्याची लाइन आधी टाकून शेजारी खोल चर खणला तर कड ढासळून लाइन उघडी पडते.

चराच्या तळाशी १० ते १५ सेंमी वाळू, कच किंवा चाळलेला मुरूम पसरा. कातळात ही गादी वगळली की पाइप दोन टोकदार दगडांवर टेकतो. वरून काँक्रीट मिक्सर गेला की नेमका तिथेच चिरतो.

एचडीपीई उन्हात ताणून टाकू नका. १०० मीटर पाइप २० अंशांनी थंड झाला की सुमारे ४० सेंमी आखडतो. दुपारी जोडून घट्ट बसवलेली लाइन पहाटेपर्यंत व्हॉल्व्हच्या फ्लँजला ओढून धरते. पाइप चरात किंचित नागमोडी टाका आणि व्हॉल्व्हशी शेवटचा जोड सकाळच्या गारव्यात करा.

## टप्पा ७: जोड

एचडीपीईच्या बट वेल्डिंगमध्ये (दोन पाइपांची तोंडं तापवून एकमेकांना चिकटवताना) तापपट्टीचं तापमान २१० अंश सेल्सियसच्या आसपास असावं. जनरेटरचा दाब वर-खाली झाला की ते घसरतं, म्हणून दर चार-पाच जोडांनंतर मोजत जा. दोन्ही तोंडं आधी रंधून सपाट करा. रंधल्यावर त्यांना बोट लावायचं नाही, घामाचा तेलकटपणा जोड कच्चा ठेवतो. दाबून धरलेला जोड गार होण्याआधी मशीनमधून काढणं ही सर्वात सर्रास चूक आहे. मजुरांना घाई असते. ओलं फडकं टाकून जोड «लवकर गार» केला जातो, तसा केलेला जोड आतून ठिसूळ राहतो.

चांगल्या जोडाची खूण डोळ्यांना दिसते. पाइपभोवती सारख्या जाडीची दुहेरी कड गोल फिरलेली असते. एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला बसकी असेल तर जोड कापा आणि पुन्हा करा.

इलेक्ट्रोफ्यूजन कपलर (विजेनं तापून पाइपला चिकटणारा जोड) वापरत असाल तर पाइपची वरची साल स्क्रेपरनं एकसारखी खरवडायलाच हवी. सँडपेपरनं घासून भागत नाही. खरवडण्याआधी मार्करनं रेघा ओढा आणि सगळ्या रेघा निघेपर्यंत खरवडा.

डीआय लाइनला प्रत्येक वळण, टी आणि टोकाला थ्रस्ट ब्लॉक (रेटा झेलणारा काँक्रीटचा ठोकळा) लागतो. १०० मिमी डीआयचा बाहेरचा व्यास ११८ मिमी असतो. ६ किलो दाबाला त्याच्या बंद टोकावर सुमारे ६५० किलोंचा रेटा येतो, साडेसहा क्विंटल. एवढ्या रेट्यापुढे रबर रिंगचा जोड नुसत्या मातीच्या आधारानं टिकत नाही. ब्लॉक न खणलेल्या घट्ट मातीला टेकवून ओता. भरावाला टेकवलेला ब्लॉक मातीसकट सरकतो. जोडाचे बोल्ट मात्र काँक्रीटमध्ये गाडू नका.

## टप्पा ८: व्हॉल्व्ह

गल्लीच्या सुरुवातीला पाणी चालू-बंद करणारा एक स्लुइस व्हॉल्व्ह. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह. सर्वात सखल जागी धुण्यासाठी स्कवर व्हॉल्व्ह, त्याचं तोंड नाल्याच्या पुराच्या पातळीच्या वर. एअर व्हॉल्व्हचं चेंबर गटाराच्या पाण्यानं भरणार असेल तर जागा बदला. पाणी बंद झालं की एअर व्हॉल्व्ह हवा आत ओढतो, चेंबर भरलेलं असेल तर हवेऐवजी गटाराचं पाणी आत जातं.

## टप्पा ९: दाबाची चाचणी

दाबाची चाचणी शेवटी घेणं म्हणजे भिंती रंगवून नळ बसवल्यावर प्लंबिंग तपासण्यासारखं आहे: उशीर झाला की दोष सापडला तरी काढता येत नाही. म्हणून घरजोडण्यांच्या आधी मुख्य लाइनची चाचणी घ्यायची. जोड उघडे ठेवा, मधल्या पाइपवर थोडा भराव टाका, नाहीतर दाबानं लाइन उचलली जाते.

१. दोन्ही टोकांना ब्लँक फ्लँज (तोंड बंद करणारी बोल्टची तबकडी) लावा. बंद व्हॉल्व्हच्या भरवशावर चाचणी घेऊ नका, व्हॉल्व्ह थोडंफार पाणी सोडतोच.

२. सखल टोकाकडून सावकाश पाणी भरा, उंच टोकाकडून हवा बाहेर सोडा. ११० मिमीच्या ३०० मीटर लाइनला सुमारे २,४०० लिटर पाणी लागतं. बरंच कमी पाण्यात लाइन «भरली» तर आत हवा अडकली आहे.

३. दाबमापक सखल टोकाला लावा.

४. निविदेत लिहिलेल्या चाचणी-दाबापर्यंत न्या. हा साधारणपणे लाइनच्या कमाल चालू दाबाच्या दीडपट असतो. पाइपच्या दाबवर्गाच्या दीडपटीवर कधीच जाऊ नका.

५. एचडीपीई दाबाखाली किंचित फुगतो, त्यामुळे गळती नसतानाही काटा खाली येतो. ४ तास थोडं थोडं पाणी भरून दाब टिकवा. मग दाब सुमारे ०.७ किलोनं उतरवा, पंप बंद करा आणि १ तास काटा पाहा. ५ टक्क्यांच्या आत राहिला तर लाइन पास.

एचडीपीईच्या या फुगण्यानं दोन उलट चुका होतात. एक तर काटा खाली आला म्हणून चांगली लाइन उकरली जाते, नाहीतर «एचडीपीईत दाब उतरतोच» असं सांगून गळकी लाइन पास केली जाते. पाचवी पायरी पूर्ण केली तर दोन्ही टळतात.

> तपासा: चाचणी चालू असताना प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवा. काटा, घड्याळ आणि गल्ली एकाच फोटोत दिसेल असा फोटो सुरुवातीला आणि शेवटी घ्या. एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद त्याच दिवशी, भराव टाकण्याआधी करा.

## टप्पा १०: धुणं आणि निर्जंतुकीकरण

आधी स्कवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडून जोरात पाणी सोडा. बादलीत घेतलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुवा. गाळ आत असताना टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं तर क्लोरीन गाळातच संपतं.

मग लाइनमध्ये लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन राहील असं द्रावण भरून २४ तास ठेवा. २,४०० लिटरला १२० ग्रॅम क्लोरीन लागतं. टीसीएल ३० टक्क्यांची असेल तर ४०० ग्रॅम. पोतं उघडून महिना झाला असेल तर ताकद उतरलेली असते, म्हणून ५०० ग्रॅम घ्या. पावडर बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या आणि फक्त निवळी लाइनमध्ये सोडा. कोरडी पावडर पाइपात टाकायची पद्धत बंद करा, तिचा चुना पुढे फेरूलमध्ये (मुख्य लाइनवरून घराची नळी काढायच्या छोट्या जोडात) अडकतो.

२४ तासांनी लाइन रिकामी करून पुन्हा धुवा. हे पाणी विहिरीजवळ, शेतात किंवा मासे असलेल्या ओढ्यात सोडायचं नाही. त्यानंतर नेहमीचं पाणी सोडून शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन पाहण्याची चाचणी) घ्या. क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी नको. जीवाणू तपासणीचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत लाइन पिण्यासाठी चालू करू नका.

## टप्पा ११: नळजोडण्या

गढूळ पाण्याच्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात, म्हणून इथे घाई नको.

जुन्या गल्लीत एकदा नीट पाहा. जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) अर्धा इंची नळी मुख्य लाइनवरून निघते, उघड्या गटारातून आडवी जाते आणि भिंतीत शिरते. सॉकेटपाशी, आटे पाडलेल्या जागी, पत्रा सर्वात पातळ असतो. गंज तिथूनच धरतो. सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. पाणी चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी उडते आणि कुणाचं लक्ष जात नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होताना तेच भोक गटाराचं पाणी आत ओढतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पहिली दोन-तीन मिनिटं वास येणारं पाणी येतं, ते हेच. मुख्य लाइन कितीही उत्तम टाकली तरी ही नळी तशीच राहिली तर दूषित पाणी थांबत नाही. «नळजोडणी नागरिकानं स्वखर्चानं करावी» असं म्हणून ही बाब अंदाजपत्रकाबाहेर ठेवणं म्हणजे अर्धंच काम करणं आहे.

करायचं ते असं:

१. घराची नळी काढायला पाइपवर खोगीरासारखं बसणारं सॅडल वापरा: एचडीपीईवर इलेक्ट्रोफ्यूजन सॅडल, डीआयवर पट्ट्याचं सॅडल. तापवलेल्या सळईनं भोक पाडायला सक्त मनाई. भोक वेडंवाकडं होतं आणि वितळलेला गोळा आत लोंबतो.

२. फेरूल माथ्यावर किंवा ४५ अंशांत बसवा. तळाशी गाळ येतो.

३. फेरूलपासून घरापर्यंत निळी एमडीपीई (लवचिक प्लास्टिकची) नळी अखंड टाका. रस्त्याखाली आणि गटाराखाली एकही जोड नको.

४. ही नळी ५० मिमीच्या स्लीव्हमधून न्या. पुढे कधी बदलायची वेळ आली तर काँक्रीट न फोडता ओढून काढता येते. स्लीव्हची दोन्ही टोकं बंद करा.

५. गटार ओलांडताना खालून जा. जागाच नसेल तर वरून, गटाराच्या पाण्याला न टेकता, आणि तेवढ्या भागाला बाहेरून आणखी एक संरक्षक पाइप.

६. घराच्या हद्दीत स्टॉपकॉक आणि मीटरची पेटी. मीटर आज बसवणार नसाल तरी पेटी बसवा. कराडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाण्याची योजना मीटरच्या आधारावरच उभी केली. आपल्या गावाला उद्या तिकडे जायचं असेल तर आज सोडलेली पेटी पुन्हा खोदाई वाचवेल.

७. मोकळ्या भूखंडाची नळी हद्दीत ५० सेंमी आत आणून टोपी लावा आणि भिंतीवर किंवा दगडावर निळा बाण काढा.

सराईत प्लंबर आणि दोन मदतनीस दिवसाला आठ-दहा जोडण्या करतात. ६० घरांना आठवडा द्या. घंटागाडीवरून दोन दिवस आधी पुकारा: कोणत्या दिवशी कोणती घरं, पाणी किती वेळ बंद, भरून काय ठेवायचं. लग्नघर असेल तर त्याचा दिवस बदला.

## टप्पा १२: जुनी लाइन खरोखर बंद करा

नवी लाइन सुरू झाली तरी जुनी जिवंतच राहते, हे फार गावांत घडतं. जुन्या लाइनवर दोन-चार घरं उरलेली असतात आणि ती कुणी शोधलेली नसतात. मग काँक्रीटखाली गळणारी लाइन आणि वर कोरडा रस्ता. पाणी मुरून भराव पोकळ होतो, आणि एके दिवशी ट्रॅक्टरखाली स्लॅब खचतो.

सगळ्या जोडण्या नव्या लाइनवर घेतल्या की जुनीचं पाणी सलग दोन पाळ्या बंद ठेवा. कुणाचा नळ कोरडा राहिला ते घरोघर विचारा, तक्रारीची वाट पाहू नका. उरलेली घरं जोडून घ्या. मग जुनी लाइन उगमाशी कापा: अर्धा मीटर तुकडा काढून दोन्ही टोकं ब्लँक करा. व्हॉल्व्ह फिरवून ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे, कुणीतरी तो पुन्हा उघडतो. जुनी लाइन ॲस्बेस्टॉसची असेल तर तोही तुकडा कापू नका. ती ज्या लोखंडी टी किंवा व्हॉल्व्हवरून निघते तिथेच सुटी करून तोंड ब्लँक करा.

## टप्पा १३: भराव

पाइपच्या बाजूंना आणि माथ्यावर ३० सेंमीपर्यंत चाळलेला मुरूम किंवा वाळू, हातधुम्मसानं. त्यावर इशारा देणारी निळी पट्टी अंथरा. पट्टीत धातूची तार असलेली घ्या, कारण एचडीपीई लाइन नंतर यंत्रानं सापडत नाही. मग १५–२० सेंमीचे थर आणि प्रत्येक थरावर कॉम्पॅक्टर.

चर पूर्ण भरून वरून टँकरचं पाणी सोडून «बसवायचा» ही जुनी सवय आहे. वाळूत ती काही अंशी चालते. काळ्या मातीत ती माती फुगवते, आणि उन्हाळ्यात तीच आकसून स्लॅबखाली पोकळी सोडते. काळी माती भरावात परत टाकूच नका. घनतेची चाचणी दर ५० मीटरवर घ्या, प्रयोगशाळेतल्या कमाल कोरड्या घनतेच्या ९५ टक्के आली पाहिजे.

भरावानंतर लाइनवर पुन्हा एकदा पूर्ण दाबानं पाणी सोडा. फेरूल बसवताना सैल राहिलेला जोड आता दिसतो. हीच शेवटची संधी आहे.

## टप्पा १४: रस्त्याच्या ठेकेदाराकडे गल्ली सोपवताना

तिघांनी एकत्र चालत गल्ली पाहायची: पाणीपुरवठ्याचा अभियंता, बांधकामाचा अभियंता आणि रस्त्याचा ठेकेदार. वॉलमन सोबत असलाच पाहिजे. प्रत्येक व्हॉल्व्ह चेंबर, मीटर पेटी आणि निळा बाण दाखवायचा. चेंबरची झाकणं अंतिम पातळीला येतील अशी आताच उचला. काँक्रीटखाली गाडलेलं चेंबर नंतर अंदाजानं चार ठिकाणी फोडून शोधावं लागतं.

काँक्रीट ओतत असताना लाइनमध्ये पाणी भरून दाब ठेवा. यंत्राचा धक्का लागला तर लगेच कळतं. क्युरिंग किमान १४ दिवस. ऐन उन्हाळ्यात गावाला टंचाई असेल तर क्युरिंगसाठी बाहेरच्या विहिरीचं पाणी आधीच ठरवून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी पाणी मारणं थांबतं.

## टप्पा १५: नोंद

प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा ठेकेदाराकडून घेतल्याशिवाय अंतिम देयक काढू नका. प्रत्येक व्हॉल्व्ह, टी आणि टोक यांचं अंतर तीन पक्क्या खुणांपासून लिहा: घराचा कोपरा, देवळाची पायरी, शाळेची भिंत. विजेचा खांब खूण म्हणून घेऊ नका, तो हलतो. घरनिहाय यादीत प्रत्येक फेरूलचं अंतर गल्लीच्या सुरुवातीपासून मीटरमध्ये टाका. एक प्रत कार्यालयात, एक जलकुंभाच्या खोलीत, एक वॉलमनकडे.

दोष दायित्व कालावधी (ज्या काळात दोष ठेकेदारानं दुरुस्त करायचे असतात) संपण्याच्या दोन महिने आधी गल्ली पुन्हा पाहा. रात्री सगळे स्टॉपकॉक बंद करून लाइन भरा आणि अर्धा तास दाबमापक पाहा. एचडीपीई फुगण्यानं काटा थोडा उतरतो, पण तो उतरतच राहिला तर स्लॅबखाली गळती असल्याचा संशय घ्या. ती ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्या आणि त्यानंतरच अनामत परत करा.